आसनाचा मान आणि अंतःकरणाची ग्वाही

आज पौष वद्य एकादशी. ठिकठिकाणांहून पायी निघालेल्या दिंड्या त्र्यंबकेश्वरी येऊन पोहोचल्या आहेत. कुशावर्तात स्नान, त्र्यंबकराजाचे दर्शन आणि मग ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधीवर माथा टेकणे, असा वारकऱ्यांचा आजचा नेम. याच पर्वतातील गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तींना उपदेश दिला आणि निवृत्तींनी तो धाकट्या भावाच्या ओंजळीत घातला, असे परंपरा सांगते. ज्ञानदेवांसारख्या लोकोत्तर पुरुषाने ज्याला जन्मभर गुरू मानले, तो वयाने थोडासाच थोर असा त्यांचा सख्खा भाऊ होता.

वडीलधाऱ्यांचा, गुरूचा, अधिकाऱ्याचा मान राखावा, हे आपल्या घरांतून लहानपणीच शिकविले जाते. परंतु ज्याचा मान राखायचा त्याचेच चुकत असेल तर काय करावे? मुले हा प्रश्न विचारतात आणि आपण बहुधा त्यांना गप्प बसवितो. निवृत्तिनाथांच्या घराला मात्र तो असा टाळता आला नाही. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले ते गुरूच्या आज्ञेने; आणि ती आज्ञा पाळली म्हणूनच धर्मसभेने त्यांना वाळीत टाकले. एका अधिकाराचे ऐकावे तर दुसरा कोपतो, असा हा पेच! देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय त्या माउलीने व पित्याने शिरसावंद्य मानला. तो निर्णय न्याय्य होता असे आम्ही म्हणणार नाही; पोरक्या झालेल्या चार लेकरांकडे पाहून कोणालाही तसे म्हणवणार नाही.

पुढे शुद्धिपत्रासाठी पैठणास जाण्याचे ठरले, तेव्हा या भावंडांत झालेला संवाद नामदेवरायांच्या नावावरील चरित्रपर अभंगांत आला आहे. निवृत्तिनाथांचे म्हणणे असे की, आत्मस्वरूपाला जातकुळी नाही, मग पत्र कशाला? ज्ञानदेवांनी लोकमर्यादेची बाजू मांडली: शास्त्राने घातलेली वाट ज्ञात्यानेही मोडू नये. अखेर चौघे पैठणास गेले. गुरूने शिष्याचे ऐकले, थोरल्याने धाकट्याचे ऐकले, ही गोष्ट कीर्तनांतून जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही, अशी आमची जुनी तक्रार आहे. रेड्याच्या मुखातून वदलेल्या वेदांच्या कथेत ती बिचारी झाकून जाते.

आणि तरीही 1290 साली नेवाशास गीता मराठीत सांगावयास बसताना या भावंडांनी कोणत्या सभेची अनुमती मागितली? निवृत्तिनाथांची आज्ञा तेवढी पुरली. सभेपुढे हात जोडले खरे. पण जे ज्ञान सर्वांचे आहे ते कुलूपबंद ठेवण्याचा अधिकार त्यांनी सभेस दिला नाही.

हाच पेच आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या धर्मग्रंथातही आढळतो. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसविलेले शरणपूर नाशिकातच आहे. तेव्हा हे शेजारी काही दूरचे नव्हेत. त्यांच्या नव्या करारात रोमच्या मंडळीला संत पौलाने लिहिलेले पत्र आहे. सत्ता ही परमेश्वराने नेमलेली असते. म्हणून ज्याला कर द्यायचा त्याला कर द्यावा आणि ज्याला मान द्यायचा त्याला मान द्यावा, असा त्याचा आशय. हे पत्र इ. स. 57 च्या सुमाराचे मानतात, आणि रोमच्या गादीवर तेव्हा नीरो होता! पुढे त्याच्याच राजवटीत पौलाचा वध झाला, असे ख्रिस्ती परंपरा सांगते.

पौलाचा एक प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. यरुशलेमच्या न्यायसभेत त्याची चौकशी चालू असता प्रमुख याजकाने त्याच्या तोंडावर मारण्याचा हुकूम केला. पौल संतापून तिखट शब्द बोलून गेला. हा प्रमुख याजक आहे, असे कोणी तरी सांगताच त्याने ते शब्द आवरते घेतले. अधिकाऱ्याची निंदा करू नये हे शास्त्रवचन त्याने स्वतःच बोलून दाखविले. पण आपली साक्ष त्याने मागे घेतली नाही. आसनाचा मान त्याने ठेवला आणि अंतःकरणाची ग्वाहीही ठेवली. पेत्राचेही तेच. कठोर धन्याशीही नम्र राहा असे सेवकांना लिहिणाऱ्या याच शिष्याने, उपदेश बंद करा म्हणणाऱ्या सभेला सांगितले की, माणसांपेक्षा देवाचे ऐकणे प्राप्त आहे. मग त्याने फटकेही सोसले.

या वचनांचा दुरुपयोग झाला नाही असे नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीने पौलाच्या त्याच पत्राचा आधार घेतला आणि तेथील ख्रिस्ती धर्मचिंतकांना 1985 साली त्याविरुद्ध जाहीर निवेदन काढावे लागले. आपणही निर्दोष नाही. 1930 साली नाशिकच्या काळारामाच्या दारी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली शिस्तीने उभ्या राहिलेल्या सत्याग्रहींना शास्त्राचा आणि रूढीचा अधिकार दाखवूनच बाहेर ठेवले होते.

घरातील अधिकाराचे एक उदाहरण याच परिसरातले आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या तरी आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी निराळीच ठेवली. पतीचा मान मोडला नाही, पण त्याच्या शब्दाखातर श्रद्धाही बदलली नाही. स्वतःच्या मनाला पटले तेव्हाच, 1900 साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास त्यांचा निर्णय रुचो वा न रुचो, त्या वाट पाहण्याचे मोल कळते.

आज समाधिमंदिराबाहेर रांगा आहेत. रांगेला शिस्त लावणारे पोलीस आहेत, विश्वस्त आहेत, दिंड्यांचे प्रमुख आहेत. त्यांचे ऐकावे, कोणी अकारण ओरडला तरी यात्रेच्या दिवशी उलट बोलू नये. मात्र ओळखीपाळखीने कोणाला मागच्या दाराने आत सोडले जात असेल, तर ते योग्य नव्हे असे शांतपणे सांगावे. नाथांच्या अंगणात तेवढे बोलण्यास हरकत नसावी. तिकडे दर्शन घेऊन बाहेर पडलेला पांढऱ्या मिशांचा विणेकरी आणि त्याच्या नातवाच्या वयाचा टाळकरी एकमेकांच्या पायांशी वाकत असतील. कोणी आधी वाकायचे, हे वारीत ठरलेले नसते.