मंगळवारचा खण

चोरी पकडली गेली ती दिवाळीच्या साफसफाईत. माझ्या औषधांच्या सात खणांच्या डबीत रक्तदाबाची गोळी रोज न चुकता संपत होती. पण टेबलाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या पासबुकांखाली, अटोरव्हास्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या, बारा अख्ख्या स्ट्रिप निघाल्या. बायको दर महिन्याला यादीबरहुकूम आणायची, मी डबीत न भरताच दडवायचो.

‘‘अहो, हे काय?’’

‘‘रिपोर्ट नॉर्मल आला होता ना!’’

बँकेत 31 वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाचं हे उत्तर.

झालं होतं असं. एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, 168 आलं. वडिलांना बावन्नाव्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅक आलेला, मला रक्तदाब. डॉक्टर म्हणाले, नुसत्या आकड्यावर मी गोळी देत नाही, पण तुमची ही सगळी कुंडली बघता द्यावी लागेल. 20 मिलिग्रॅम सुरू झाली. दोन महिन्यांनी आकडा 95. पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. अँटिबायोटिकचा कोर्स संपतो तसा माझ्या लेखी हाही संपला. चोरी उघडकीला आल्यावर पुन्हा रक्त दिलं: 164.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘95 तुमचं नव्हतंच, ते गोळीचं होतं.’’ मग समजावून सांगितलं. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. गोळी तिथलं एक विकर अडवते. घरचं उत्पादन घटलं की यकृत बाहेरून, म्हणजे रक्तातून एलडीएल उचलायला लागतं, म्हणून रक्तातला आकडा उतरतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत घरचा कारखाना पुन्हा जोरात.

खरं कारण मी तेव्हाही निम्मंच सांगितलं होतं. माझ्या पोटऱ्या दुखत होत्या. आणि त्या दुखायला लागल्या सकाळच्या कट्ट्यावर एकानं ‘या गोळ्यांनी स्नायू झिजतात’ असं सांगितलं त्याच आठवड्यात. यावर इंग्लंडमधला एक प्रयोग डॉक्टरांनी सांगितला. 2020 साली प्रसिद्ध झालेला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन, म्हणजे माझ्यासारखीच गोळी, सोडलेली 60 माणसं घेतली. वर्षभर त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या 90 टक्के त्रास पोकळ गोळीवरही झाला! दुखणं खोटं नव्हतं, पण धास्तीनंही पाय दुखतात.

म्हणून त्यांनी माझं दुखणं उडवून लावलं नाही, हे मला आवडलं. स्नायूंची सीपीके तपासणी केली, ती ठीक निघाली. 10 मिलिग्रॅमवर सुरुवात करू, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बघू, नाही सोसली तर दुसरी गोळी आहे, म्हणाले. मात्र दंडा-मांड्यांत सगळीकडे जोराचं दुखणं, अशक्तपणा आणि लघवी चहासारखी काळपट झाली, तर वाट न बघता यायचं. ते क्वचित होतं, पण झालं तर किडनीवर बेततं.

कट्ट्यावरच्या त्याच गृहस्थांचा ‘केमिकल’ला विरोध आहे, ते कसलंसं चूर्ण घेतात. त्यांना मी अकिरा एन्डोंची गोष्ट सांगितली. या जपानी संशोधकानं सुमारे 6,000 बुरश्या तपासल्या आणि 1973 मध्ये, शिळ्या भाकरीवर धरते तसल्या निळ्या-हिरव्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं. बुरशी होती तांदळावरची. चूर्णवाले गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे, चहा आला म्हणून.

मधे खोकल्यासाठी दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन. मेडिकलमधल्या मुलीनं स्ट्रिप हातात धरूनच विचारलं, ‘‘काका, कोलेस्टेरॉलची कुठली गोळी चालू आहे?’’ दोन्ही एकत्र घेतली तर रक्तात स्टॅटिन साचतं आणि स्नायूंना धोका वाढतो. तिनं तिथूनच फोन लावून औषध बदलून घेतलं. चिठ्ठी लिहिताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही आपणहून सांगितलं नव्हतं.

तिनंच जाता जाता सांगितलं, ग्रेपफ्रूटचा रस भरपूर घेतला तरी असंच होतं. ग्रेपफ्रूट आपण कुठलं खातोय! पण पपनस त्याच्याच कुळातलं. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, दोन फोडींनी काही बिघडत नाही, रोज वाडगाभर नको.

हे उत्तर बायकोला पुरेसं वाटलेलं नाही. यंदा गणपतीत शेजाऱ्यांकडे आरतीनंतर सोललेल्या पपनसाचं ताट फिरत आलं. मी हात पुढे केला, तिनं ताट तसंच भाच्याकडे सरकवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘मंगळवारचा खण रिकामा केलात का?’’