कार्ड मिळाले, पण मेंदूकडे कोण बघणार?

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर हातात कार्ड पडते. कोणी ‘वाहक’, कोणी ‘ग्रस्त’. वाहकाला सहसा काही त्रास नसतो; लग्न जुळवताना दोघांची कार्डे बघावीत, हे लोकांना आता पटू लागले आहे. पण ज्या मुलाच्या कार्डावर ‘ग्रस्त’ लिहिले आहे, त्याचे पुढे काय? हातपाय दुखले, ताप आला, डोळे पिवळे दिसले की आईवडील त्याला घेऊन दवाखान्यात येतात. मेंदूला रक्त कमी पडले तर दुखत नाही. म्हणून तो राहून जातो.

विदर्भाला हा आजार नवा नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. हा फक्त आदिवासींचा आजार, हा समजही खरा नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतही तो भरपूर आढळतो. आर्वी असो की हिंगणघाट, आमच्या ओपीडीत हे रुग्ण रोजचेच.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात आणि रक्त कायम कमी राहते. मेंदूची भूक मात्र तेवढीच असते. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायूचा वापर वीस टक्के. निरोगी प्रौढाच्या मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. शाळकरी मुलाला त्याहून बरेच जास्त. रक्तात प्राणवायू कमी, म्हणून सिकलसेलग्रस्त मुलाचे शरीर मेंदूकडे आणखी रक्त पाठवते. रक्तवाहिन्या आधीच पूर्ण रुंदावलेल्या असतात. मग ताप आला, पाणी कमी पडले, तर वाढवायला काही शिल्लक उरत नाही.

बोर धरणाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना पुढचे लगेच कळेल. वर कालवा भरून वाहत असतो आणि टोकाच्या शेताला पाणी पोहोचत नाही. मेंदूतही दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दी जिथे मिळतात, तो खोल भाग असाच टोकाला असतो. तिथले लहान लहान ठिपके रक्ताअभावी मरतात. लकवा होत नाही, तोंड वाकडे होत नाही, म्हणून याला ‘मूक’ इजा म्हणतात. अमेरिकेतील अभ्यासांत अशा मुलांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलांत ती आढळली आहे. घरी दिसते ते एवढेच, की मुलगा अभ्यासात मागे पडला, सांगितलेले विसरतो, गणित जमत नाही. शाळेतून तक्रार येते आणि पोराला आळशी ठरवून सगळे मोकळे होतात.

इथे एमआरआयची एक पद्धत उपयोगी पडते. मेंदूचा रक्तप्रवाह मोजणे पूर्वी फार कष्टाचे होते. १९४० च्या दशकात अमेरिकेत केटी आणि श्मिट यांनी रुग्णाला नायट्रस ऑक्साइड हुंगवून, मानेतल्या शिरेत सुई घालून तो मोजला. पुढे किरणोत्सारी द्रव्ये आली. १९९२ मध्ये डेट्रे, कोरेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली, ती ‘आर्टेरियल स्पिन लेबलिंग’, थोडक्यात एएसएल. यात सुई नाही, औषध नाही, क्ष-किरणही नाहीत. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर रेडिओलहरींनी खूण करतात. दीड-दोन सेकंद थांबतात, तेवढ्यात ते रक्त मेंदूत पोहोचते, आणि चित्र घेतात. मग खूण न करता दुसरे चित्र. दोन्हींची वजाबाकी केली की कुठे किती रक्त पोहोचले ते कळते. फरक जेमतेम एक टक्क्याचा असतो, म्हणून हीच क्रिया चार-पाच मिनिटे पुन्हा पुन्हा करावी लागते. मूत्रपिंडे आधीच नाजूक असलेल्या या मुलांना गॅडोलिनियमचे इंजेक्शन द्यावे लागत नाही, हा मोठाच फायदा आहे. मूक इजा नेमक्या सर्वांत कमी प्रवाहाच्या पट्ट्यात होतात, हे २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी याच पद्धतीने दाखवले.

हे वाचून उद्याच कोणी मुलाला घेऊन एमआरआय सेंटरवर जाऊ नये. यंत्र आकडा देते, पण तो काढताना रक्ताची घनता आणि वेग गृहीत धरलेला असतो. सिकलसेलमध्ये रक्त पातळ आणि वेग जास्त. तशी दुरुस्ती केली नाही तर आकडा चुकतो. शिवाय मूल हलले की चित्र बिघडते. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला झोपेचे औषध द्यावे लागते आणि सिकलसेलमध्ये ते जोखमीचे असते. माझ्या मते एएसएल सध्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या हाती राहावे. सेवाग्राम, सावंगी, नागपूर येथे या विषयावर आपल्याच मुलांचा अभ्यास व्हायला हवा. कारण अमेरिकेचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. आपल्या मुलांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते आणि लकवा त्यामानाने कमी होतो, असे मानले जाते. पण ‘भारतातला सिकलसेल सौम्य’ हे वाक्य विदर्भातल्या वॉर्डात काम केलेला डॉक्टर सहसा उच्चारणार नाही.

तोवर हाताशी काय आहे? डॉपलर. कानशिलावर छोटे उपकरण ठेवून मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग मोजायचा. हेही बिनसुईचे, आणि एमआरआयच्या मानाने फार स्वस्त. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर लकव्याचा धोका मोठा. अशा १३० मुलांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. नियमित रक्त दिलेल्या गटात एका मुलाला लकवा झाला; नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात अकरा मुलांना. अभ्यास मुदतीआधी थांबवून सर्वांना रक्त देऊ केले गेले. २०१६ मध्ये असे दिसले, की किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि रक्तवाहिन्या फार अरुंद न झालेल्या मुलांत पुढे हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूलही तेवढेच संरक्षण देतात. हे आपल्यासाठी महत्त्वाचे, कारण दर महिन्याला रक्त चढवणे आपल्या रक्तपेढ्यांना झेपणारे नाही आणि साठणाऱ्या लोहाचा प्रश्न वेगळाच. नायजेरियातील डॉक्टरांनी डॉपलर आणि हायड्रॉक्सियुरिया एवढ्याच भांडवलावर मुलांचा लकवा रोखण्याचे काम उभे केले आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी कमी मात्रेतले हायड्रॉक्सियुरिया आपल्या मुलांना कसे लागू पडते, हे आधीच दाखवून ठेवले आहे.

म्हणजे ज्ञान आहे, औषध आहे. अडते ते मोजणीच्या पद्धतीवर. अभियानाची प्रगती आपण किती तपासले आणि किती कार्डे वाटली यावर मोजतो. ‘ग्रस्त’ मुलांपैकी कितींचे डॉपलर झाले, कितींचे औषध अखंड सुरू आहे, हे रकाने आढावा बैठकीत कोणी विचारत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आजाराचा तीव्र प्रकार असलेल्या मुलांसाठी २ ते १६ वर्षांपर्यंत दरवर्षी डॉपलर आणि शाळेच्या सुरुवातीच्या वयात एकदा तरी साधा एमआरआय सुचवतात. जिल्ह्यात हे डॉपलर शिकलेला एक माणूस आणि ठरलेला एक वार, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. औषध न्यायला मूल येतेच. त्याच दिवशी तपासणीही व्हावी.

पालकांनी पुढच्या फेरीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: हायड्रॉक्सियुरिया सुरू करायचे का, आणि डॉपलर कुठे होईल. शाळेतली घसरण आळसावर न ढकलता तीही सांगावी. आणि मुलाचा एक हात किंवा पाय अचानक लुळा पडला, बोलणे अडखळले, झटका आला किंवा कधी नव्हे इतके डोके दुखले, तर मालिश, झाडफूक यात तास घालवू नका. १०८ ला फोन करा, रक्त चढवण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि सिकलसेलचे कार्ड सोबत ठेवा.