पोरगं परमुलखाच्या शेतावर, टोळी आपल्या बांधावर



अलीकडे शिवारात कुठंही गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोराला ऑस्ट्रेलियाला शेतीकामाला धाडावं का? म्हणे वर्षभर हिंडायचं बी आन् शेतावर राहून कमवायचं बी." विचारणाऱ्यांत दोन एकरवाले आहेत, तसे वीस एकरवालेही आहेत. म्हणून या बाबतीत आमचे मत एकदा सविस्तर मांडावे, असे ठरविले.

आधी माहिती. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्यातील कबुलीप्रमाणे १८ ते ३० वयाच्या आपल्या मुलामुलींना एक वर्ष तिकडं हिंडून काम करण्याचा व्हिसा मिळू शकतो. वर्षाला जागा फक्त १०००. त्यासाठी सोडत निघते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्यांदा नोंदणी झाली, तेव्हा दोन आठवड्यांत ४०,००० च्या आसपास नावे आली. म्हणजे नंबर लागणं नशिबाचा भाग. ज्याचा लागला, त्यानं ठरवून दिलेल्या भागात तीन महिने शेतीसारखं काम केलं, तर त्याला दुसऱ्या वर्षाचाही व्हिसा मागता येतो. जगभरातली हिंडती पोरं तिकडच्या शेतावर दिसतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

ती पोरं ज्या क्वीन्सलँड राज्यात जातात, तो मुलूख आपल्यासारखाच उसाचा. उष्ण हवा, समुद्रकाठची जमीन, आणि जून ते डिसेंबर असा गळीत हंगाम. मात्र तिथं कोयता राहिलेला नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ सगळी तोडणी यंत्रावर गेली. ऊस कारखान्याला जातो तो बहुतांशी दोन फुटी रुळांच्या छोट्या रेल्वेनं. त्यामुळं उसात प्रवासी पोराला काम मिळालंच तर ते तोडणी यंत्राबरोबर ट्रॅक्टर चालवण्याचं. बाकी बरीचशी पोरं केळीच्या बागेत राबतात. टली गावाकडं वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिखलात उभं राहून केळीचा घड खांद्यावर घ्यायचा, नाहीतर शेडमध्ये दिवसभर फण्या पेटीत भरायच्या. याला सहल म्हणत नाहीत. पण शिकण्यासारखंही पुष्कळ आहे. ऊस हिरवा तोडून पाचट रानातच पसरून ठेवण्याची रीत तिथं मोठ्या क्षेत्रावर चालते. पाचट जाळू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो. एखाद्या सभासदाचं पोरगं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलं, तर आमची निम्मी भाषणं वाचतील!

आता मुद्द्याची गोष्ट. परक्या शेतावर राहून राबणाऱ्या माणसाची अवस्था तिथं आपोआप सुधारली नाही. १८६३ ते १९०४ या काळात प्रशांत महासागरातल्या बेटांवरची सुमारे ६२,००० माणसं क्वीन्सलँडमध्ये आणली गेली, मुख्यतः उसासाठी. त्यांतली किती तरी फसवून, काही तर पळवून आणलेली. अगदी अलीकडं, जून २००० मध्ये, चिल्डर्स या उसाच्या गावी हिंडत्या पोरांच्या वसतिगृहाला आग लावण्यात आली आणि १५ जण दगावले. धोक्याची घंटा चालू अवस्थेत नव्हती. त्यानंतर अशा निवासांचे नियम कडक झाले. २०१५ मध्ये सरकारनं ठरवलं की फुकट राबलेले दिवस दुसऱ्या व्हिसासाठी धरायचे नाहीत, मजुरी दिल्याचा पुरावा पाहिजे. फळबागांत पेटीवर मजुरी देणाऱ्या मालकानंही तासाच्या किमान दराखाली जायचं नाही, ही अट २८ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. मालक चांगला असेल यावर तिथल्या लोकांनी भरवसा ठेवला नाही. कागदावर लिहून घेतलं.

म्हणून आमचं मत असं : पोरगं धडधाकट असेल, कामाला लाजत नसेल, तर जरूर धाडा. पण जमीन गहाण टाकून धाडू नका, आणि "सोडतीत नंबर लावून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक पैसा देऊ नका. राहायची जागा कशी आहे, प्यायला पाणी कुठलं, तासाला दर काय, खोलीचं भाडं किती कापणार, दर आठवड्याची पावती मिळणार का, हे जाण्याआधी विचारा. पासपोर्ट मालकाच्या हवाली करू नये, हे पोराला बजावून सांगा.

हे सगळं आपण आपल्या पोरासाठी विचारणार, आणि विचारलंच पाहिजे. मग सभासदहो, जी माणसं दरसाल सहा महिने घरदार सोडून आपल्या शिवारात मुक्काम टाकतात, त्यांच्यासाठी हे प्रश्न कोण विचारतं? एका कोयत्यामागं नवरा-बायको पहाटे फडात उतरतात. कोपीला दार नसतं, बाईमाणसाला आडोसा नसतो, पाण्याची घागर लांबून आणावी लागते. पोरांची शाळा गावाकडं राहिलेली असते. रात्री-अपरात्री गाडी भरायची वेळ आली की झोपलेलं लेकरू कोपीत सोडून आई मोळ्या वाहते.

काही सभासद म्हणतील, "टोळीच आम्हाला नडते, खुशाली दिल्याशिवाय फडाला हात लावत नाही." तक्रार खोटी नाही. खुशाली उकळणं बंदच झालं पाहिजे, आणि तशी तक्रार गट ऑफिसला बेलाशक द्यावी. पण खुशालीचा राग पाण्याच्या नळावर काढू नये. आणखी एक म्हणणं असतं की हे काम कारखान्याचं. ते आहेच, आम्ही नाकारत नाही. परंतु कारखाना म्हणजे तरी कोण? सभासदच ना!

तेव्हा यंदा टोळ्या उतरायच्या आधी एवढं करावं. आपल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी किती कोप्यांना देता येईल, कोपीसाठी उंचवट्याची जागा कुठं आहे, विजेचा एक दिवा कुठून ओढता येईल, पत्र्याचं तात्पुरतं संडास कुठं बसेल, हे आपल्या गटाच्या चिटबॉयकडं लिहून द्या. टोळीत शाळेच्या वयाची पोरं किती, याची यादी मुकादमाकडून घेऊन गावच्या मास्तरांकडं पोचवा. सर्व सभासदांकडून अशी माहिती आली, तर पुढच्या बैठकीत शेतकी खात्याच्या वतीनं ती मांडण्याची जबाबदारी आमची.