मोबाइलवरील सोयरीक : कोणते ॲप बरे?

आपल्या गावांतून सोयरिकी कशा जुळत, हे चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना सांगावयास नको. घरात मुलगी उपवर झाली की ही बातमी आत्या-मावशीमार्फत चार गावे फिरे. सणाच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात, कोणाच्या बारशाला, कोणाच्या मयतालाही, अमक्याचा मुलगा कोठे कामाला आहे, पितो की काय, आईशी कसा बोलतो, याची चौकशी होई. मध्यस्थ दोन्ही घरे ओळखत असे आणि सोयरीक बिघडली तर त्यालाही गावात तोंड दाखवावे लागे. आज ते मध्यस्थपण मोबाइलमधील ॲपकडे गेले आहे. टिंडर, बम्बल, हिंज ही नावे आता धर्मग्रामाच्या युवासभेतही सहजपणे घेतली जातात, आणि पालक धर्मगुरूंना विचारू लागले आहेत, "फादर, यातले त्यातल्या त्यात बरे कोणते?"

"एकही नको" हे उत्तर सोपे आहे, परंतु त्याने कोणाचेच भागत नाही. वसई-विरारहून मुंबईला जाणारा तरुण पहाटेची गाडी पकडतो आणि रात्री परततो. त्याला युवासभेला येण्यास वेळ कोठला? कोणी आखातात आहे, कोणी कॅनडात. मुली शिकून परिचारिका, अभियंता, लेखापाल झाल्या आहेत आणि त्यांना अनुरूप स्थळ आपल्याच पंचक्रोशीत मिळेलच असे नाही. अशा वेळी त्यांनी मोबाइल उघडला तर त्यात सर्वस्वी उनाडपणा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून प्रश्न गंभीरपणे घेऊ.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आपण समजतो तितकी ही निवड मोठी नाही. टिंडर, हिंज, ओकेक्युपिड ही सारी मॅच ग्रुप या एकाच अमेरिकन कंपनीच्या मालकीची आहेत. टिंडर २०१२ साली सुरू झाले. हिंज याच कंपनीने २०१८-१९ मध्ये विकत घेतले. बम्बल हे निराळे. टिंडरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या व्हिटनी वुल्फ हर्ड यांनी तेथून बाहेर पडून २०१४ साली ते काढले आणि २०१८च्या डिसेंबरात ते भारतात आले. म्हणजे टिंडर सोडून हिंजकडे गेलेला तरुण एकाच शेटजीच्या एका दुकानातून निघून दुसऱ्या दुकानात शिरलेला असतो.

दुकाने मात्र सारखी नाहीत. टिंडरवर जवळपासच्या माणसांची छायाचित्रे एकामागून एक येतात. पसंत असेल तर बोटाने उजवीकडे सारायचे, नसेल तर डावीकडे. एका चेहऱ्यास मिळणारा वेळ दोन-तीन क्षणांचा. बम्बलने आरंभी असा नियम ठेवला की, स्त्री-पुरुषांची पसंती जुळल्यावर पहिला शब्द स्त्रीनेच बोलावा. अनोळखी पुरुषांच्या अश्लील निरोपांनी कंटाळलेल्या मुलींना तो आधार वाटला; पुढे २०२४ मध्ये कंपनीने तो नियम सैल केला. त्याच वर्षी तिने अमेरिकेत असे फलक लावले की, ब्रह्मचर्याचे व्रत घेणे हा काही उपाय नव्हे! टीका झाल्यावर कंपनीने क्षमा मागितली व फलक उतरविले. व्रतस्थांना एका डेटिंग कंपनीने प्रतिस्पर्धी मानावे, याची आम्हाला गंमतच वाटली. हिंजवर छायाचित्रांबरोबर काही प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात आणि समोरच्याच्या एखाद्या उत्तरावर किंवा चित्रावर बोट ठेवून संभाषण सुरू करता येते. फुकट वापरणाऱ्यास दिवसाकाठी मोजक्याच पसंती देता येतात. या तिघांतच निवडावयाचे असेल तर हिंजची रीत माणसाला थोडे थांबावयास व वाचावयास लावते, एवढे आम्ही मान्य करू. आपले ॲप एके दिवशी मोबाइलमधून काढून टाकले जावे म्हणूनच बनविले आहे, अशी त्याची जाहिरात असते.

परंतु येथेच मेख आहे. ग्राहक कायमचा निघून गेला तर दुकान कसे चालेल? जुन्या मध्यस्थाचा मान लग्न लागल्यावर वाढे. ॲपचे उत्पन्न मात्र लग्न न लागण्यावर, निदान शोध लांबण्यावर असते. अधिक पसंती हव्या तर पैसे, आपल्याला कोणी पसंत केले ते पाहावयाचे तर पैसे, आपले चित्र वर दिसावे तर पैसे. २०१५ साली टिंडरने अमेरिकेत तिशी ओलांडलेल्यांकडून अधिक शुल्क घेण्यास आरंभ केला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने अशी आकारणी बेकायदा वयभेद ठरते, असा निर्वाळा दिला. मॅच ग्रुपच्या मॅच डॉट कॉमवर अमेरिकी व्यापार आयोगाने २०१९ मध्ये खटला भरला. सहा महिन्यांत कोणी न भेटल्यास पुढील सहा महिने मोफत, या हमीच्या अटी लपविल्या आणि सभासदत्व रद्द करणे अवघड ठेवले, हे त्यातील आरोप होते. २०२५ मध्ये एक कोटी चाळीस लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटविण्यात आले. २०२४च्या व्हॅलेंटाइन दिनी काही ग्राहकांनी याच कंपनीवर असा दावा केला की, ही ॲप माणसाला जुगाऱ्यासारखी चटक लावण्याच्या हेतूनेच रचलेली आहेत. कंपनीने तो आरोप फेटाळला. न्यायनिवाडा काहीही होवो, रात्री दोन वाजेपर्यंत बोटाने चेहरे सारीत बसणारा तरुण ज्या घरात आहे, त्या घरास तो दावा समजावून सांगावा लागणार नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' या प्रेषितीय पत्रात नेमके याच सवयीकडे लक्ष वेधले आहे. समाजमाध्यमांवर जसे जोडावे आणि मनात येताच तोडावे, तसेच प्रेमाचेही करता येते अशी समजूत वाढत आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. ॲपवर नकाराची किंमत शून्य असते. विवाहात मतभेदाच्या पहिल्याच दिवशी हा हिशेब उलटा होतो.

मग विवाह जुळविणारी संकेतस्थळे बरी का? शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी, जीवनसाथी येथे हेतू तरी उघड असतो. केंद्र शासनाने २०१६ मध्ये अशा संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. संकेतस्थळ विवाहासाठीच आहे, डेटिंगसाठी नव्हे, असे स्पष्ट लिहावे आणि नोंदणी करणाऱ्याची ओळख तपासावी, असे त्यांत म्हटले आहे. आईवडीलही बरोबर बसून पाहू शकतात. परंतु येथे दुसराच बाजार भरतो. पगार, उंची, फ्लॅट आणि जात. कातडीच्या रंगानुसार स्थळे चाळण्याची सोय शादी डॉट कॉमने २०२० साली टीका झाल्यावर काढून टाकली. म्हणजे तोवर ती होती. आणि आपण ख्रिस्ती लोक या बाजारात निर्मळ हातांनी उभे आहोत, असा कोणाचा समज असेल तर त्याने काथलिक स्थळांची पाने उघडून पाहावीत. स्वजातीय हवा, गोरी हवी, अमक्याच समाजातील हवा! एकाच भाकरीचे वाटेकरी असलेल्या माणसांनी हे लिहिलेले असते. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन या आपल्या बोली, पेहराव आणि चालीरीती जपाव्यात, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. त्यांची कुंपणे करावीत हे मात्र आम्हाला पटत नाही.

चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्याही काही सेवा आहेत. केरळात सीएमआय संस्थेच्या धर्मगुरूंनी चालविलेली चावरा मॅट्रिमोनी सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतील काथलिकमॅच ही सेवा ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीवरील प्रश्न थेट विचारते, हे उत्तम. पण तिचे सभासद बहुतांशी तिकडचे, त्यामुळे वसईच्या मुलीला तिचा उपयोग फारसा नाही.

आता भयाविषयी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीत उघडकीस आलेल्या खुनाने वसई हादरली. बळी गेलेली तरुणी वसईची होती आणि आरोपीशी तिची ओळख डेटिंग ॲपवर झाल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर कित्येक घरांतून मुलींच्या मोबाइलमधील ॲप काढून टाकण्यात आली. मुलांच्या मोबाइलकडे मात्र कोणी पाहिले नाही. काहींनी त्या प्रकरणाचे धर्माधर्मातील भांडणासाठी हत्यार केले आणि राज्य शासनानेही त्या डिसेंबरात आंतरधर्मीय विवाहांसाठी समिती नेमली. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर खिळले. त्या तरुणीने नोव्हेंबर २०२० मध्ये तुळिंज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती. आपल्याला मारहाण होते, जिवे मारण्याची धमकी मिळते, असे तीत लिहिले होते. ती तक्रार पुढे मागे घेण्यात आली. तक्रार आणि खून यांमध्ये दीड वर्ष गेले. ॲपने ओळख करून दिली खरी. परंतु त्या दीड वर्षात जे घडले नाही, त्याचा दोष ॲपवर टाकता येत नाही. मुलीने आपल्या पसंतीने पाऊल उचलले म्हणून तिच्याशी बोलणे टाकणारी घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. मार खाणारी मुलगी परतण्याआधी शंभरदा विचार करते, कारण "आम्ही सांगितले होते" हे वाक्य उंबरठ्यावर तिची वाट पाहत असते. आईवडिलांना आमचे कळकळीचे सांगणे असे की, निवड पसंत नसेल तर तसे स्पष्ट बोला, भांडा, पण दार लावू नका. आणि ज्या घरात हे बोलणे अशक्य होऊन बसले असेल, तेथील मुलीने धर्मगुरूंकडे, धर्मभगिनींकडे यावे. तिला कोणते ॲप वापरलेस, असे प्रथम विचारले जाणार नाही.

लबाडीचे इतर प्रकार त्या मानाने लहान, पण रोजचे आहेत. परदेशी डॉक्टर असल्याचे भासवून प्रेम जमवायचे, मग भेटवस्तू विमानतळावर अडकली म्हणून कराचे पैसे मागायचे. यात तरुणांपेक्षा विधवा व विधुर अधिक सापडतात आणि लाजेने गप्प राहतात. २०२४ मध्ये मुंबईत तरुणांना ॲपवरून भेटीला बोलावून ठरलेल्या हॉटेलात हजारो रुपयांचे बिल गळ्यात मारण्याचे प्रकार उघड झाले. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. उशीर झाला की रक्कम हाती लागणे कठीण होते. ॲपला दिलेली माहिती आपल्यापुरतीच राहील, असेही समजू नये. २०२१ साली अमेरिकेत एका काथलिक वृत्तसंकेतस्थळाने बाजारात विकत मिळणाऱ्या मोबाइल-माहितीवरून एका ज्येष्ठ धर्मगुरूंच्या डेटिंग ॲपच्या वापराविषयी वृत्त दिले आणि त्यांना पद सोडावे लागले. त्या वृत्ताच्या नैतिकतेवर बरीच चर्चा झाली. अशी माहिती विकत मिळते, याविषयी मात्र शंका उरली नाही.

राहिला प्रश्न खातरजमेचा. ॲपवर नावापुढे दिसणारी खूण एवढेच सांगते की, छायाचित्र आणि चेहरा एकाच माणसाचे आहेत. तो विवाहित आहे काय, हे ती सांगत नाही. ख्रिस्तसभेकडे याहून जुनी व पक्की व्यवस्था आहे आणि आपल्यापैकी अनेकांना ती कंटाळवाणी कागदपत्रे वाटते. धर्मशास्त्रानुसार विवाह झाला की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतही केली जाते. म्हणूनच विवाहापूर्वी जुना पिवळा पडलेला दाखला चालत नाही, नव्याने काढलेला मागितला जातो. कारण आधीचा विवाह असेल तर तो त्यावर दिसतो. देवळात होणाऱ्या विवाहघोषणांचा हेतूही हाच. कोणाला अडथळा ठाऊक असेल तर त्याने बोलावे.

फसवणुकीस चर्चचा कायदा किती गंभीर मानतो, हेही तरुणांस ठाऊक असावे. ज्या गुणामुळे वैवाहिक जीवन मुळापासून ढवळून निघेल, अशा गुणाविषयी संमती मिळविण्यासाठी मुद्दाम फसविले असेल, तर नियम १०९८ प्रमाणे तो विवाह वैधच ठरत नाही. वय दोन वर्षांनी कमी लिहिणे याला कदाचित हा नियम लागणार नाही. पूर्वीचे अपत्य, गंभीर आजार लपविणे यास लागू शकतो. आणखी एक बारकावा. ॲपवर 'ख्रिश्चन' असे एकच घर असते. समोरची व्यक्ती बाप्तिस्मा झालेली पण अन्य पंथाची असेल तर बिशपांची परवानगी लागते. बाप्तिस्माच झालेला नसेल तर सूट घेतल्याविना चर्चच्या दृष्टीने विवाह वैध होत नाही. हे चौथ्या भेटीत विचारणे बरे, पत्रिका छापल्यावर नव्हे.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी वधू शोधावयास निघतो, तेव्हा तो विहिरीपाशी थांबून पाहतो. अनोळखी वाटसरूला आणि त्याच्या तहानेल्या उंटांना ही मुलगी पाणी देते काय? दहा उंटांना पाणी पाजणे हे तासाभराचे कष्ट असतील. तो गप्प राहून पाहत राहिला. आणि पुढे घरच्यांनी रिबेकेलाही विचारले की, तू जाशील काय? ॲपवर भेट झाली तरी हे दोन्ही करता येते. माणूस कामात, थकव्यात, आजारी बापाशी बोलताना कसा आहे हे पाहावे. त्यासाठी पहिली भेट गजबजलेल्या ठिकाणी घरी सांगून व्हावी आणि नाते पुढे जात असेल तर लवकरच एकमेकांच्या घरी, एकमेकांच्या देवळात जावे. सहा महिने झाले तरी जो आपल्या एकाही मित्राची किंवा नातलगाची गाठ घालून देत नाही, त्याचे ॲप कोणतेही असो, सावध व्हावे.

धर्मग्रामांनीही हातावर हात ठेवून बसू नये. व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक विभागाने २०२२ साली विवाहाच्या तयारीविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिचा रोख असा आहे की, ही तयारी लग्नाआधीच्या दोन-तीन दिवसांच्या शिबिरावर भागवू नये, ती तरुणपणापासून व्हावी. नोकरी करणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या अविवाहितांसाठी आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही. युवासभा त्यांना लहान मुलांची वाटते आणि कुटुंबसभेत त्यांना जागा नाही. शेजारच्या तीन-चार धर्मग्रामांनी मिळून महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळी त्यांना एकत्र आणले, तर खर्च चहापाण्यापुरताच येईल.

आणि ज्यांचे ॲपवर खरोखरच जमले आहे, त्यांनी हॉल ठरविण्याआधी धर्मग्रामाच्या कचेरीत यावे. परदेशातील धर्मग्रामाकडून बाप्तिस्म्याचा नवा दाखला व अविवाहित असल्याचे पत्र येण्यास कित्येकदा दोन-तीन महिने लागतात.