विश्लेषण : मुंबईत हॉटेलची स्वस्त खोली महाग का पडते? बजेटनुसार निवड कशी करावी?

कोल्हापूरहून महालक्ष्मी, विदर्भातून विदर्भ, मराठवाड्यातून देवगिरी. रात्रीच्या या गाड्या प्रवाशांना सकाळी मुंबईत उतरवतात. हातात बॅग असते, मोबाइलवर बुकिंग पक्के झाल्याचा संदेश असतो आणि हॉटेलची चेक-इनची वेळ मात्र दुपारी बारा किंवा दोनची असते. अॅपवर १,८०० रुपयांना दिसलेली खोली मग लवकर चेक-इनचे पैसे, कर, सुविधा शुल्क आणि टॅक्सीचे भाडे धरून अडीच हजारांच्या घरात जाऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये हॉटेलच्या खोल्यांवरील जीएसटी कमी झाला खरा, पण तो सगळ्यांना सारखा लागू नाही आणि खोलीचा दर हा मुक्कामाच्या खर्चाचा एक भागच असतो.

जीएसटीत नेमके काय बदलले?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६व्या बैठकीत दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्याचा निर्णय झाला. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. त्यावरील दराच्या खोल्यांचा १८ टक्के कर कायम राहिला. हजार रुपयांपर्यंतच्या लॉजवर जुलै २०२२ पर्यंत कर नव्हता. त्यानंतर १२ टक्के लागला आणि आता तिथेही ५ टक्के आहे. म्हणजे ९०० रुपयांच्या खोलीवर आधी १०८ रुपये कर होता, तो ४५ रुपयांवर आला.

या सवलतीला एक अट आहे. ५ टक्के कर घेणाऱ्या हॉटेलला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. हॉटेल जागेचे भाडे, लॉन्ड्री, एसीची दुरुस्ती, फर्निचर यांवर जो कर भरते, तो पूर्वी ग्राहकाकडून घेतलेल्या करातून वजा करता येत होता. आता तो हॉटेलच्या खर्चात जातो. त्यामुळे काही हॉटेलांनी मूळ दर थोडा वाढवला, तर ते अनपेक्षित नाही. ४,००० रुपयांची खोली १२ टक्क्यांनी ४,४८० रुपयांना पडत होती, ५ टक्क्यांनी ती ४,२०० रुपयांना पडायला हवी. पण मूळ दरच ४,२५० रुपये झाला, तर बिल ४,४६२ रुपये ५० पैसे येते. करकपातीतले २८० रुपये कुठे गेले, हे बिलावर दिसत नाही. म्हणून दोन हॉटेलांची तुलना करताना करासह एकूण रक्कमच पाहावी.

साडेसात हजारांची रेघ किती महत्त्वाची?

७,५०० रुपयांच्या खोलीचे करासह ७,८७५ रुपये होतात. ७,६०० रुपयांच्या खोलीचे होतात ८,९६८. मूळ दरात शंभर रुपयांचा फरक, बिलात १,०९३ रुपयांचा. या पट्ट्यात खोली घेणाऱ्याने हॉटेलला फोन करून ‘साडेसातच्या आत बसेल का’ असे सरळ विचारावे. घासाघीस करण्यात यापेक्षा जास्त फायदा क्वचितच मिळतो.

कराचा टप्पा प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर ठरतो, रिसेप्शनच्या फलकावर लिहिलेल्या दरावर नाही. त्यामुळे एकाच खोलीवर मंगळवारी ५ टक्के आणि शनिवारी १८ टक्के कर लागू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे दर किती चढले, हे अनेकांनी अनुभवले. अशा दिवसांत दर रेघ ओलांडतो आणि वाढीव दरावर वाढीव कर बसतो. मोठा कार्यक्रम, लग्नाचा मुहूर्त किंवा सलग सुट्ट्या असतील, तर तारीख एक दिवस मागेपुढे करून दर तपासणे उपयोगी ठरते. नाश्ता धरूनच्या दरात रक्कम ७,५०० च्या वर जाते का, हेही आधी विचारावे.

हॉटेलमधल्या जेवणाचाही याच रेघेशी संबंध आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार, ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचा दर ७,५०० च्या वर गेला, तिथल्या रेस्तराँमध्ये १८ टक्के कर लागतो. इतरत्र साधारणपणे ५ टक्के. रात्रीचे जेवण रस्त्यापलीकडच्या खानावळीत घेण्याला मुंबईत हेही एक कारण आहे, चव तर आहेच.

अॅपवरचा आणि फोनवरचा दर वेगळा का?

वर्षाला २० लाख रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या लॉजला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल, तर त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताही येत नाही. पण तीच खोली अॅपवरून घेतली, तर कायद्याप्रमाणे कर भरण्याची जबाबदारी अॅपवर येते आणि तो बिलात दिसतो. १,२०० रुपयांच्या खोलीवर हा फरक ६० रुपयांचा आहे. त्यात अॅपचे सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावरील १८ टक्के कर वेगळा. छोट्या लॉजच्या बिलावर जीएसटी आकारला असेल, तर त्यावर जीएसटी क्रमांक छापलेला आहे का, हे पाहावे.

मोठ्या हॉटेलांचे गणित निराळे असते. तिथे अॅपला द्यावे लागणारे कमिशन वाचत असल्याने थेट बुकिंगवर सूट देण्याची हॉटेलची तयारी असू शकते. मात्र आपल्यापेक्षा कमी दर दुसरीकडे देऊ नये, अशा अटी काही संकेतस्थळे हॉटेलांवर घालत होती. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा अटींसह इतर मुद्द्यांवरून मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तेव्हा अॅपवर दर पाहून हॉटेलला फोन लावण्यात गैर काही नाही.

फक्त फोन नंबर कुठून घेतला, याकडे लक्ष हवे. हॉटेल आणि भक्तनिवासांच्या नावे बनावट संकेतस्थळे व खोटे नंबर पसरवून आगाऊ पैसे उकळण्याच्या प्रकारांबाबत केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये सावध केले होते. अनोळखी व्यक्तीच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर पूर्ण रक्कम पाठवू नये. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, कारण उशीर होईल तशी रक्कम अडवण्याची शक्यता कमी होते.

लांबची स्वस्त खोली परवडते का?

मुंबई उत्तर-दक्षिण लांबट पसरलेली आहे, त्यामुळे नकाशावर जवळ वाटणारे अंतर प्रत्यक्षात तासाभराचे निघते. समजा, एका कुटुंबाला परळला काम आहे. वाशीत खोली १,८०० रुपयांना आणि दादरला २,६०० रुपयांना मिळते. फरक रोजचे ८०० रुपये. एकटा, धडधाकट तरुण असेल, तर लोकलचे तिकीट काढून तो हे पैसे सहज वाचवेल. पण सोबत आजारी वडील असतील, तर सकाळच्या गर्दीत हार्बरची लोकल पकडून पुढे गाडी बदलणे शक्य नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या दराने, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये धरून, २० किलोमीटरचे भाडे चारशेच्या पुढे जाते. जाऊन-येऊन ८०० रुपये तिथेच संपतात. शिवाय रोजचे दोन-तीन तास गेले, ते वेगळेच.

मेट्रो ३ मुळे हे गणित काहीसे बदलले आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्यावर २७ स्थानके आहेत आणि सर्वाधिक भाडे ७० रुपये आहे. व्हिसाच्या मुलाखतीसाठी बीकेसीत जाणाऱ्याने बीकेसीतलेच महागडे हॉटेल घ्यावे, ही गरज त्यामुळे कमी झाली. गिरगाव, काळबादेवी, दादर किंवा मरोळ नाक्याजवळची मध्यम दराची खोली घेऊन, गाडी न बदलता थेट बीकेसी गाठता येते. विमानतळाची दोन्ही टर्मिनलही याच मार्गावर आहेत. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाल्याने तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे, हे पाहूनच शेवटच्या रात्रीची खोली घ्यावी. अंधेरीतली खोली आणि पहाटेचे नवी मुंबईचे विमान ही जोडी महागात पडते.

परीक्षार्थींसाठी आणखी एक गोष्ट. स्पर्धा परीक्षा बहुतेकदा रविवारी असतात आणि मेगाब्लॉकही रविवारीच. परीक्षा केंद्र ज्या मार्गावर आहे, त्या मार्गाचा ब्लॉक शनिवारी पाहून ठेवावा. केंद्रापासून चालत किंवा रिक्षाने जाता येईल अशी साधी खोली असेल, तर ती समुद्राजवळच्या चांगल्या खोलीपेक्षा कधीही सरस.

हजार रुपयांच्या आत काय मिळू शकते?

सकाळी उतरून कामे आटोपून रात्री परत निघणाऱ्याला हॉटेलची गरजच नसते. रेल्वेच्या विश्रांती कक्षासाठी प्रवासाच्या तिकिटाचा पीएनआर लागतो आणि काही तासांपुरतेही आरक्षण करता येते. रेल्वे थेट पुरवते त्या विश्रांती कक्ष, प्रतीक्षालय आणि क्लोक रूमच्या सेवा २०२४ च्या जुलैपासून जीएसटीतून वगळल्या आहेत. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झाले, तेव्हा १२ तासांचा दर ९९९ रुपयांपासून होता. एकट्या प्रवाशाला ते सोयीचे आहे. सामान फार असेल किंवा गुडघे दुखत असतील, तर नाही.

डॉर्मिटरीत बेडचा दर पाहताना लॉकर, गरम पाणी आणि रात्री दरवाजा बंद होण्याची वेळ विचारावी. शिर्डी, पंढरपूरसारख्या ठिकाणी नोंदणीकृत धार्मिक न्यासांच्या खोल्यांचे भाडे दिवसाला हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर त्यावर जीएसटी नाही.

कुटुंबाला मधल्या बजेटमध्ये कशावर भांडावे?

दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात चकचकीत फोटोंपेक्षा अटी वाचण्यात शहाणपण आहे. पहिली अट वेळेची. जुन्या लॉजमध्ये ‘२४ तास’ पद्धत असते. म्हणजे सकाळी सातला खोली घेतली, तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत ती आपली. दुपारी बाराच्या पद्धतीत सकाळी सातला येणाऱ्याचे पाच तास अडकतात आणि ते भरून काढण्यासाठी कधी अर्ध्या दिवसाचे पैसे मागितले जातात. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांना २४ तास पद्धतीची थोडी महाग खोलीही स्वस्त पडू शकते. दुसरी अट पैसे परत मिळण्याची. ‘नॉन-रिफंडेबल’ दर थोडा कमी असतो, पण डॉक्टरांची किंवा कोर्टाची तारीख पुढे ढकलली गेली, तर सगळेच पैसे जातात. ज्यांचे काम दुसऱ्याच्या तारखेवर अवलंबून आहे, त्यांनी तो घेऊ नये. तिसरी अट मुलांची आणि जादा गादीची. कितव्या वर्षापर्यंत मूल मोफत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

काही हॉटेले त्याच शहराचा पत्ता असलेले ओळखपत्र स्वीकारत नाहीत. ही अट अॅपवर तळाशी बारीक अक्षरात असते आणि पैसे भरल्यानंतर रिसेप्शनवर कळते. ठाणे-कल्याणच्या पत्त्यावर मुंबईत राहणाऱ्यांनी ती आधी वाचावी. ओळखपत्र म्हणून आधार द्यायचे असेल, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून घेता येते.

शेवटच्या पानावर रक्कम वाढली तर?

सुरुवातीला कमी दर दाखवून पैसे भरण्याच्या पानावर शुल्के जोडत जाणे, म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’. ‘फक्त एकच खोली शिल्लक’ असा खोटा दबाव, विमा किंवा देणगी गुपचूप जोडणे हे प्रकारही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १३ ‘डार्क पॅटर्न’मध्ये धरले आहेत. दर दिसतो त्या पानाचा आणि पैसे भरतो त्या पानाचा असे दोन स्क्रीनशॉट ठेवले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करताना पुरावा हाताशी राहतो. जेवणाच्या बिलात सक्तीचे सेवा शुल्क लावण्यास प्राधिकरणाने केलेली मनाई दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. ते काढून टाकायला सांगता येते.

उपचारांसाठी येणाऱ्यांचे काय?

पर्यटक दोन रात्री राहतो, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येणारे कुटुंब अनेक आठवडे. १,५०० रुपयांची खोलीही महिन्याला ४५ हजार रुपये मागते, आणि तिथे पाच-सात टक्के करकपातीने फारसा फरक पडत नाही. अशांनी अॅप उघडण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे जावे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मेमोरियल होम या ठिकाणी रुग्ण व नातेवाइकांची सोय होते. जागा मर्यादित असल्याने पहिले काही दिवस लॉजमध्ये काढावे लागू शकतात, तेवढ्यासाठी रोजच्या रोज वाढवता येणारी खोली घ्यावी, महिन्याचे आगाऊ पैसे भरू नयेत.

उपचार तीन महिन्यांवर जाणार असतील, तर आणखी एक तरतूद उपयोगी आहे. माणशी महिना २० हजार रुपयांपर्यंत भाडे आणि सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम असेल, तर निवासाच्या सेवेवर जीएसटी लागत नाही. ही सूट २०२४ मध्ये आली. वसतिगृहे आणि पेइंग गेस्टची चर्चा तेव्हा जास्त झाली, पण नियमात तो शब्द अडसर ठरत नाही. घरमालक किंवा गेस्ट हाऊसशी करार करताना ९० दिवसांचा उल्लेख लेखी असावा.

टाटा मेमोरियल केंद्राचे काही उपचार खारघरच्या अॅक्ट्रेकमध्येही होतात. एक ठिकाण मुंबईत आहे, दुसरे नवी मुंबईत. पुढच्या तारखेच्या कागदावर कोणता पत्ता आहे, हे पाहून मगच दादरला खोली शोधायची की पनवेलच्या बाजूला, ते ठरवावे.