मुलाखतीनंतरचे मौन : नॅसकॉमला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, नॅसकॉम

माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची ही संघटना १९८८ मध्ये स्थापन झाली आणि २००६ मध्ये तिने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री ही नोंदवही सुरू केली, जिच्यात कर्मचाऱ्याचे शिक्षण, पूर्वीच्या नोकऱ्या आणि बोटांचे ठसे नोंदवून त्यांची पडताळणी करण्याची सोय होती. खोट्या अनुभवपत्रांनी कंपन्या हैराण झाल्या होत्या, त्यामुळे ही सोय समर्थनीयच होती. परंतु उमेदवाराचा खरेपणा तपासणाऱ्या या क्षेत्रात मुलाखत घेणाऱ्यांची वागणूक तपासण्याची तशी सोय उभी राहिली नाही.

हिंजवडी किंवा ऐरोली येथील कंपनीत नोकरी बदलून जाऊ पाहणारा उमेदवार ऑनलाइन चाचणी, तांत्रिक फेरी, मॅनेजर राउंड आणि एचआर राउंड अशा पायऱ्या चढतो, सध्याच्या पगाराच्या स्लिपा दाखवतो, आणि अखेरीस त्याच्या हाती बहुधा ‘कळवू’ एवढा एकच शब्द पडतो. त्याचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढावयाचा काळ, अनेकदा ९० दिवसांचा असल्याने हे मौन त्याला महागात पडते. ऑफर लेटर स्वीकारूनही उमेदवार ऐनवेळी रुजू होत नाहीत, ही कंपन्यांची तक्रार खरी आहे; मात्र नकारही न कळवणाऱ्यांनी ती करावी, हे जरा विचित्र दिसते.

सरकारी निवडीत मुलाखतीवरील अविश्वास जुना आहे. अजय हासिया खटल्यात, श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधी, सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानी ठरवले. तेथे मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या गेल्या होत्या आणि वडील कोण, राहणे कुठे असले प्रश्न विचारले गेले होते. म्हणून मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी सूचनाही न्यायालयाने केली. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. खासगी कंपनीला यांतले काहीच लागू होत नाही. संविधानातील सोळाव्या अनुच्छेदाची समान संधी सरकारी सेवेपुरती आहे आणि माहितीचा अधिकारही सार्वजनिक प्राधिकरणांपुरता.

मुलाखत मुळातच निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. सर्व उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारून, उत्तरांना आधी ठरलेल्या निकषांनुसार गुण देण्याच्या पद्धतीला संरचित मुलाखत म्हणतात. श्मिट व हंटर यांनी १९९८ मध्ये केलेल्या संशोधन-संकलनात ती मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीहून अधिक भरवशाची ठरली, आणि सॅकेट व सहकाऱ्यांच्या २०२२ च्या फेरतपासणीत तर तिचे स्थान निवडीच्या साधनांमध्ये अग्रभागी आले. तेव्हा न्याय आणि कंपनीचा फायदा येथे एकाच दिशेने जातात.

म्हणून नॅसकॉमने सदस्य कंपन्यांसाठी आचारसंहिता करावी, जिच्यात फेऱ्यांची संख्या आणि पगाराचा पट्टा जाहिरातीतच सांगणे, संरचित प्रश्नावली वापरणे आणि शेवटच्या फेरीनंतर पंधरा दिवसांत होकार किंवा नकार लेखी कळवणे, या गोष्टी बंधनकारक असतील. आणि उमेदवाराला तक्रार नोंदवण्यासाठी कंपनीबाहेरची एक जागा, शक्यतो संघटनेच्याच कार्यालयात, द्यावी.