रिकामा रकाना

१९८१ साली मी लालबागच्या एका बँक शाखेत कारकून म्हणून नुकताच रुजू झालो होतो. एके दुपारी नऊवारी नेसलेली एक बाई खाते उघडायला आली. अर्ज मीच भरत होतो. नाव, पत्ता झाला आणि 'व्यवसाय' या रकान्यापाशी आलो.

"मावशी, तुम्ही काय करता?"

"मी कुठं काय करते? घरातच असते."

मी रकान्यात आडवी रेघ मारली. मग सहज विचारले, "पैसे कुठून भरणार?" तेव्हा ती म्हणाली, "खोलीवर अकरा माणसं जेवायला असतात ना, त्यांचे."

अकरा माणसांना दोन वेळा जेवू घालणारी बाई 'काही करत नव्हती', आणि ते मलाही खटकले नाही. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला. संप लांबला तशी जेवणारी माणसे एकेक करून गावी गेली. नवऱ्याचा पगार बंद होता. त्या घराची चूल पेटत राहिली ती तिच्या पासबुकातल्या शिलकीवर. ती शिल्लक उतरत जाताना मी पाहिली आहे, कारण नोंदी माझ्याच हातच्या होत्या. अर्जावरची रेघ मात्र तशीच राहिली.

गिरणगावाचा इतिहास आपण भोंग्यांचा, मोर्चांचा आणि पुढाऱ्यांचा म्हणून वाचतो. पण कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून एकटा आलेला कामगार पाळीवर वेळेत उभा राहायचा, तो कुणीतरी पहाटे उठून भाकऱ्या थापलेल्या असायच्या म्हणून. दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, धुणे, मुलांचा अभ्यास आणि तीन पाळ्यांत झोपणारी माणसे यांचा मेळ घालणे हे काम सोपे नव्हते. या खाणावळवाल्या बायका किराणा उधारीवर आणायच्या आणि सावकाराचे व्याज भरायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांसाठी. राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्जे मिळवून दिली आणि पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकाला धंदा म्हणून कागदावर जागा मिळाली. त्याआधी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली होती. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. पापड तेच, हातही तेच. घरच्यांसाठी लाटले तर काम नाही, पुडक्यात घालून विकले की काम!

आता कुणी म्हणेल, हे सारे जुने झाले. काळ बदलला, घरोघरी मिक्सर आले, पुरुषही चहा करू लागले. आकडे काय सांगतात पाहा. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि जे पुरुष हे काम करतात ते ९७ मिनिटे. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. तिची दहा मिनिटे मिक्सरने आणि गॅसने वाचवली असे म्हणू. त्याची नऊ मिनिटे कुणी वाचवली, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

या कामाची किंमत कुणी कधी केलीच नाही असे नाही. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या खटल्यात गृहिणीच्या श्रमाला उत्पन्न मानले पाहिजे असे सांगितले. न्यायमूर्ती रमणा यांनी निकालपत्रात २०१९ च्या त्या पाहणीचा आधार घेतला. पण हा खटला होता अपघातात पती-पत्नी दोघेही गेल्यानंतरच्या नुकसानभरपाईचा. गृहिणीच्या कामाचा हिशेब आपल्याकडे मांडला जातो, पण बहुतेक वेळा ती गेल्यावर!

हे आज लिहायचे कारण असे, की मध्य मुंबईत सध्या घरांचे नवे कागद तयार होत आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर चालू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पहिल्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या घरात! लालबाग-परळच्या आणि गिरगावच्या कितीतरी जुन्या चाळींच्या जागीही टॉवर उभे राहिले, राहत आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. सार्वजनिक संडासापुढची रांग आणि पहाटेचे पाणी भरणे ज्यांनी भोगले आहे, त्यांना चाळीचे गोडवे ऐकवू नयेत.

पण घर मोठे झाले की घरकामही मोठे होते. दोन खोल्या अधिक, न्हाणीघर-संडास स्वतःचे म्हणजे ते घासणेही स्वतःचे. चाळीच्या गॅलरीत तान्हे मूल शेजारणीकडे सोपवून बाजारात जाता येत होते. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये ती सोय मागावी लागते, नाहीतर विकत घ्यावी लागते. हा वाढीव भार कुणावर पडणार, ते सांगायला पाहणी नको. मग ज्या घरासाठी तिने तीस-चाळीस वर्षे ओढाताण केली, त्या घराच्या कागदावर तिचे नाव आहे का?

"नॉमिनी म्हणून आहे ना," हे उत्तर मी बँकेत हजारदा ऐकले. वाचकहो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो फक्त वारसांच्या वतीने सांभाळणारा. घर एकट्या नवऱ्याच्या कमाईचे आणि नावाचे असेल, मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुले आणि त्याची आई यांचे सारखे वाटे होतात. दोन मुले आणि सासू असली तर जिने ते घर चालवले तिच्या वाट्याला त्यातला चौथा हिस्सा येतो. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये गृहिणीचाही मिळकतीत बरोबरीचा वाटा मानला खरा, पण तो एका उच्च न्यायालयाचा निकाल आहे, देशाचा कायदा नव्हे.

सरकारने जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत महिना दीड हजार रुपये द्यायला सुरुवात केली. त्यावरून राजकारण पुष्कळ झाले. दिवसाला पन्नास रुपये म्हणजे काही तिच्या श्रमाचे मोल नव्हे. तरी त्या निमित्ताने ज्या बायकांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे खाते उघडले, त्यांच्यापुरते काहीतरी हलले, असे माझ्यातला जुना बँकवाला म्हणतो. नावात पुष्कळ काही असते.

आणि हे नाव लावायला दरवेळी सरकारची वाट पाहावी लागत नाही. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे. धोतर-टोपीतल्या शेतकऱ्यांनी जे केले, ते आम्हा शहरातल्या शिकल्या-सवरलेल्यांना का सुचू नये?

मला तरी कुठे सुचले होते? दादरचे आमचे घर मी १९९१ साली बँकेच्या कर्जातून घेतले. करारावर सही माझी एकट्याची. कर्जाचा हप्ता कापून हातात उरेल तेवढ्यात हिने घर चालवले, आईचे आजारपण काढले, मुलांच्या फिया भरल्या. माझ्या कादंबऱ्याही मी लिहिल्या त्या हिने राखलेल्या शांततेत. गेल्या वर्षी सगळी कागदपत्रे लावायला काढली तेव्हा तो करार हाती आला. मी म्हटले, "अगं, यात तुझे नावच नाही."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत आहे. तुम्ही सही करून आलात त्या दिवशी वाचला होता मी."

चौतीस वर्षे! एकदाही बोलली नव्हती, आणि मी विचारले नव्हते.

निम्मे घर बक्षीसपत्राने तिच्या नावे केले. राहते घर बायकोला असे दिले तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते, अधिभार तेवढा वेगळा. निबंधक कचेरीत एका दुपारचे काम. तिथल्या अर्जातही 'व्यवसाय' होता. मी पेन उचलले, तर तिने कागद स्वतःकडे ओढून घेतला.

ज्यांच्या नव्या घराच्या चाव्या यायच्या आहेत त्यांनी सत्यनारायणाची तारीख जरूर काढावी. त्याआधी कागदावर दोन नावे कशी लागतील, एवढे मात्र विचारून यावे.